कोर्ट रिसीव्हर: दुसऱ्याच्या मालमत्तेवर त्याचा हात कुठवर पोहोचतो?

समजा, वडील गेले. मागे एक तीन मजली जुनी इमारत, तिच्यात आठ भाडेकरू आणि तळमजल्यावर दोन दुकानं. वारस तीन: दोन भाऊ आणि एक बहीण. वडिलांच्या आजारपणापासून भाडं थोरला भाऊच गोळा करतो. हिशेब विचारला की "सगळं दुरुस्तीतच जातं" एवढंच उत्तर मिळतं. दुरुस्ती मात्र कुठे दिसत नाही. गच्ची गळते आहे, मालमत्ता कर थकला आहे आणि रिकामं पडलेलं एक दुकान थोरल्याने परस्पर कुणाला तरी द्यायचं ठरवल्याची कुणकुण लागली आहे. बहीण वाटणीचा दावा लावते. दावा चालेल तितकी वर्षं चालेल, पण तोवर इमारत कोण सांभाळणार?

अशा वेळी कोर्ट रिसीव्हर नेमू शकतं. कायद्याच्या मराठीत त्याला 'प्रापक' म्हणतात, पण कोर्टाच्या आवारात हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. सगळे रिसीव्हरच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

रिसीव्हर आला की घरात दोन टोकाच्या समजुती पसरतात. ज्याने अर्ज केला त्याला वाटतं, आपला माणूस आला, आता थोरल्याला बाहेर काढेल. ज्याच्या विरुद्ध आदेश झाला त्याला वाटतं, सरकारने मालमत्ता जप्त केली, आता सगळं गेलं. दोन्ही चूक. रिसीव्हर वादीचा नाही, प्रतिवादीचा नाही आणि सरकारचाही नाही. तो कोर्टाचा हात आहे, आणि ज्या कामासाठी कोर्टाने हा हात पुढे केला तेवढंच काम त्याने करायचं असतं. मालकी जिथे होती तिथेच राहते. शेवटी इमारत ज्याची ठरेल, त्याच्या वतीने तोवर तो ती सांभाळत असतो.

अधिकार येतात कुठून

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या ऑर्डर ४० मध्ये ('ऑर्डर' म्हणजे इथे कोर्टाचा आदेश नव्हे, तर संहितेतलं नियमांचं एक प्रकरण) रिसीव्हरचा विषय जेमतेम पाच नियमांत आटोपला आहे. पहिला नियम म्हणतो की, कोर्टाला 'न्याय्य आणि सोयीचं' वाटलं तर ते निकालाआधी किंवा निकालानंतर कोणत्याही मालमत्तेवर रिसीव्हर नेमू शकतं, कुणाच्या ताब्यातून ती काढून घेऊ शकतं आणि ती रिसीव्हरच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली देऊ शकतं. 'न्याय्य आणि सोयीचं' हे शब्द इंग्लंडच्या १८७३ च्या न्यायव्यवस्था कायद्यातून आलेले आहेत. त्यातला 'सोयीचं' हा शब्द ऐकायला फार सैल वाटतो, पण कोर्टांनी तो सैल राहू दिलेला नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने कृष्णस्वामी चेट्टी विरुद्ध तंगवेलू चेट्टी या प्रकरणात रिसीव्हर नेमण्याची पाच तत्त्वं मांडली आणि त्यांना 'पंच सदाचार' असं नाव दिलं. इंग्रजी निकालपत्रात हा संस्कृत शब्द आला आणि वकिलांच्या तोंडी कायमचा बसला. त्याचा आशय असा: रिसीव्हर मागणं हा कुणाचा हक्क नाही, तो कोर्टाच्या विवेकाचा प्रश्न आहे. मागणाऱ्याची बाजू वरवर पाहताही भक्कम दिसली पाहिजे. नुसते आपसातले परस्परविरोधी दावे पुरेसे नाहीत, मालमत्तेला खरोखरचा धोका दिसला पाहिजे. जो प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याला उठवून त्याचं भरून न येणारं नुकसान होत असेल तर सहसा रिसीव्हर नेमू नये. आणि मागणाऱ्याचं स्वतःचं वागणं स्वच्छ असावं. उगीच उशीर करणाऱ्याला किंवा काही लपवणाऱ्याला कोर्ट मदत करत नाही.

आपल्या बहिणीच्या अर्जाला हे लावून पाहा. "थोरला भाऊ मला आवडत नाही" किंवा "तो उद्धट बोलतो" याला काही अर्थ नाही. गळती गच्ची, कराची थकबाकीची नोटीस, दुकान परस्पर देण्याच्या बोलणीचा पुरावा, भाड्याचा हिशेब मागितल्याची पत्रं आणि त्यांना न आलेली उत्तरं, या गोष्टी अर्जाला जोडलेल्या असतील तर तो अर्ज उभा राहतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत, जिथे प्रत्येकाचा हिस्सा आहे, तिथे कोर्टं रिसीव्हर नेमायला आणखी नाखूश असतात. बऱ्याचदा साधा मनाई हुकूम आणि दरमहा भाडं कोर्टात भरण्याचा आदेश एवढ्यावर काम भागतं. माझ्या मते तेच बरं. रिसीव्हरचा खर्च शेवटी त्याच मालमत्तेच्या उत्पन्नातून निघतो, म्हणजे तिन्ही वारसांच्या खिशातून.

आदेशात जे लिहिलं, तेवढंच

आता मूळ मुद्दा. पहिल्या नियमातच अधिकारांची यादी आहे: मालमत्तेच्या बाबतीत दावे लावणं आणि लागलेल्या दाव्यांत उत्तर देणं, येणी वसूल करणं, व्यवस्था पाहणं, संरक्षण करणं, जतन आणि सुधारणा करणं, भाडं आणि उत्पन्न गोळा करणं, ते खर्च करणं, दस्तऐवज करून देणं. हे सगळे अधिकार 'मालकाला असतात तसे' देता येतात असंही तिथे म्हटलं आहे. इथे वाचणारा थांबतो आणि म्हणतो, मग हा मालकच झाला की! पण त्याच वाक्याच्या शेवटी आणखी काही शब्द आहेत: 'किंवा त्यांपैकी कोर्टाला योग्य वाटतील तेवढे'. सगळी मेख या शेपटात आहे.

म्हणजे कायद्याने रिसीव्हरला आपोआप काही मिळत नाही. कायद्याने कोर्टाला एक मोठी पेटी दिली आहे आणि त्या पेटीतून कोर्ट त्या प्रकरणापुरत्या चार वस्तू काढून रिसीव्हरच्या हातात ठेवतं. आदेशात 'भाडं गोळा करावं आणि कर भरावा' एवढंच असेल, तर रिसीव्हरला कुणावर दावा लावता येणार नाही, दुकान भाड्याने देता येणार नाही, की गच्चीवर नवी शेड बांधता येणार नाही. त्याला तसं करायचं असेल तर त्याने कोर्टापुढे अहवाल ठेवून परवानगी मागायची. मुंबई उच्च न्यायालयात तर कोर्ट रिसीव्हरचं स्वतंत्र कार्यालयच आहे आणि तिथे अडचण आली की कोर्ट रिसीव्हर अहवाल सादर करून कोर्टाकडून निर्देश घेतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा एखाद्या वकिलाची नेमणूक होते. पद्धत थोडी वेगळी असते, तत्त्व तेच.

म्हणून कुणी दारात येऊन "मी रिसीव्हर आहे" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि डोळे झाकून किल्ल्याही द्यायच्या नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत मागायची आणि ती शब्दशः वाचायची. मालमत्तेचं वर्णन काय आहे, कोणता ताबा घ्यायचा आहे, कोणते अधिकार मोजून दिले आहेत, मुदत कोणती. मालमत्तेच्या वर्णनात 'तळमजल्यावरील दोन दुकाने' असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या राहत्या खोल्यांना तो हात लावू शकत नाही.

ताब्याचेही प्रकार आहेत. प्रतीकात्मक ताबा म्हणजे रिसीव्हर जागेवर येतो, पंचनामा करतो, सूचना फलक किंवा नोटीस लावतो, पण राहणारा माणूस तिथेच राहतो. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप आणि किल्ल्या त्याच्याकडे. या दोन्हींच्या मधे मुंबईत फार वापरली जाणारी एक वाट आहे: जो आत राहतो किंवा धंदा करतो त्यालाच रिसीव्हरचा एजंट नेमायचं. तो दरमहा ठरलेली रॉयल्टी, म्हणजे जागा वापरण्याची रक्कम, भरतो, अनामत देतो, आणि तिथेच राहतो. ऐकायला हे सौम्य वाटतं, पण सही करण्याआधी नीट समजून घ्यावं. एजंट करारावर सही केली की त्या दिवसापासून तुम्ही तिथे राहता ते कोर्टाच्या रिसीव्हरच्या वतीने. रॉयल्टी थकवली, करार मोडला, कुणाला आत घेतलं, तर रिसीव्हर कोर्टाच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा घेतो, आणि तेव्हा "माझं स्वतःचं घर आहे" हा युक्तिवाद त्या टप्प्यावर फारसा कामाला येत नाही. मालकीचा प्रश्न तोवर दाव्यातच खुला असतो.

भाडेकरूंनी घाबरायचं का?

इमारतीतल्या आठ भाडेकरूंना या सगळ्याचा सर्वात जास्त त्रास होतो आणि त्यांना कुणी काही समजावून सांगत नाही. म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

ऑर्डर ४० च्या पहिल्याच नियमाचा दुसरा उपनियम त्यांची ढाल आहे. त्याचा अर्थ असा: ज्या माणसाला ताब्यातून काढण्याचा हक्क दाव्यातल्या कुठल्याही पक्षकाराला आज नाही, त्याला रिसीव्हर नेमण्याच्या निमित्ताने कोर्टसुद्धा काढू शकत नाही. भाडेकरूला काढायचं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे कारण दाखवून हुकूमनामा मिळवावा लागतो. थोरल्याकडे असा हुकूमनामा नाही, बहिणीकडेही नाही. मग रिसीव्हरकडे तो येणार कुठून? भावंडांच्या भांडणात भाडेकरूचं छप्पर ओढता येत नाही, हे कायद्याने १९०८ पासून लिहून ठेवलं आहे, आणि मला हा उपनियम संपूर्ण ऑर्डरमधला सर्वात माणुसकीचा भाग वाटतो.

पण ढाल घराची आहे, भाड्याची नाही. रिसीव्हरची नोटीस हातात पडल्यावर भाडं त्यालाच द्यायचं. त्यानंतरही सवयीने थोरल्या भावाच्या हातात भाडं दिलं, तर ते भरल्याचं कोर्ट मानेलच असं नाही आणि तेच भाडं दुसऱ्यांदा मागितलं जाऊ शकतं. पावती रिसीव्हरच्या सहीशिक्क्याची घ्यावी. जुन्या भाडेपावत्या सांभाळून ठेवाव्यात, कारण आपण किती वर्षांपासून, कोणत्या भाड्याने राहतो हे रिसीव्हरच्या यादीत नीट नोंदलं जाणं पुढे फार उपयोगी पडतं. नोंद चुकली असेल तर तेव्हाच लेखी हरकत द्यावी.

आणि थोरल्याने ते रिकामं दुकान परस्पर दिलं तर? रिसीव्हरच्या ताब्यातली मालमत्ता ही कायद्याच्या ताब्यात, म्हणजे कोर्टाच्याच ताब्यात समजली जाते. तिच्यात घुसणं, कुलूप तोडणं, रिसीव्हरला अडवणं हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचा आकडा आज किरकोळ वाटेल, पण कोर्टाच्या नजरेतून उतरण्याची किंमत त्याहून मोठी असते: पंच सदाचारातलं पाचवं तत्त्व आठवा.

बाहेरच्या माणसाचं मात्र खरोखर काही येणं असेल, म्हणजे उदाहरणार्थ इमारतीची दुरुस्ती करून दिलेल्या ठेकेदाराचे पैसे अडकले असतील, तर त्याने काय करायचं? रिसीव्हरवर दावा लावण्याआधी ज्या कोर्टाने त्याला नेमलं त्याची परवानगी घ्यायची. परवानगी न घेता दावा लावला म्हणून तो तिथल्या तिथे मरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७७ मध्ये एव्हरेस्ट कोल कंपनी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा सूर स्पष्ट आहे: परवानगी घेणं आवश्यक आहे, पण ती नंतर, दावा चालू असताना मिळवली तरी दोष दूर होतो. तांत्रिक चुकीपायी खरं येणं बुडू नये, हा त्यामागचा विचार.

त्याला काय करता येत नाही

मालमत्ता विकणं ही सर्वात मोठी मर्यादा. आदेशात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेला नसेल तर रिसीव्हर एक खिडकीही विकू शकत नाही, आणि दिलेला असेल तेव्हाही विक्री कोर्टाच्या देखरेखीखाली, बहुधा मूल्यांकन आणि जाहीर लिलाव होऊन, कोर्टाने मान्य केल्यावरच पुरी होते. गहाण ठेवणं, लांब मुदतीचा भाडेपट्टा करणं, थकीत येणं तडजोडीने कमी करणं, या सगळ्यासाठी परवानगी लागते. स्वतःच ती मालमत्ता घेणं तर दूरच. रिसीव्हर हा फौजदारी कायद्याच्या अर्थाने लोकसेवक आहे. भारतीय दंड संहितेतल्या लोकसेवकाच्या व्याख्येत रिसीव्हरचा नावाने उल्लेख होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. त्यामुळे सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केला तर लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताचं कलम लागतं, आणि त्याची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाऊ शकते.

हाच धागा दुसऱ्या एका जुन्या कायद्यात अधिक उघड दिसतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे कोर्ट अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या, मुलाच्या मालमत्तेचा पालक नेमतं. काही वेळा जिल्हाधिकाऱ्यालाही त्याच्या पदाच्या नात्याने पालक नेमता येतं. तिथे कायद्याने नाव घेऊन सांगितलं आहे की कोर्टाने नेमलेल्या पालकाने पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता गहाण ठेवायची नाही, विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, अदलाबदल करायची नाही. भाडेपट्टाही पाच वर्षांपेक्षा जास्त, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पलीकडे जाईल असा करायचा नाही. कसोटी एकच ठेवली आहे: शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेशी जसा वागेल तसं वागायचं. जमीन सरकारला महसूल देणारी असेल तर दिवाणी संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यालाच रिसीव्हरही नेमता येतं, मात्र त्याच्या संमतीने.

जमिनीवरून मारामारीची वेळ आली तर कार्यकारी दंडाधिकारीही जमीन जप्त करून रिसीव्हर नेमू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६५ मध्ये ती तरतूद आहे. पण दिवाणी कोर्टाने नंतर आपला रिसीव्हर नेमला की दंडाधिकाऱ्याच्या रिसीव्हरला ताबा त्याच्याकडे सोपवावा लागतो. गावाकडच्या बांधाच्या भांडणात एकाच जमिनीवर दोन रिसीव्हर असा गोंधळ होऊ नये म्हणून हे.

बँकेने किंवा सावकाराने गहाणखतातल्या कलमाप्रमाणे नेमलेला रिसीव्हर ही वेगळीच गोष्ट. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६९-अ प्रमाणे तो कर्जदाराचा एजंट समजला जातो. वर लिहिलेलं सगळं त्याला जसंच्या तसं लागू करू नये.

हिशेब मागण्याचा हक्क

तिसरा नियम रिसीव्हरवर चार बंधनं घालतो: कोर्ट सांगेल तसा जामीन, म्हणजे हमी, द्यायचा, कोर्ट सांगेल त्या मुदतीत आणि त्या नमुन्यात हिशेब द्यायचा, निघालेली रक्कम कोर्ट सांगेल तिथे भरायची, आणि मुद्दाम केलेल्या कसुरीने किंवा घोर निष्काळजीपणाने मालमत्तेचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचं. शेवटच्या बंधनाचे शब्द नीट पाहा. साध्या चुकीसाठी तो स्वतःच्या खिशातून भरत नाही. प्लंबर जरा महाग पडला, एखादी नोटीस चार दिवस उशिरा गेली, यावरून त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण गच्ची गळते आहे हे त्याला लेखी कळवलं, हातात पैसा शिल्लक होता आणि दोन पावसाळे त्याने काहीच केलं नाही, तर मात्र ती गोष्ट घोर निष्काळजीपणाकडे जाते. म्हणूनच तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी.

हिशेब दिला नाही, पैसे भरले नाहीत किंवा असं नुकसान केलं, तर चौथ्या नियमाप्रमाणे कोर्ट रिसीव्हरची स्वतःची मालमत्ता जप्त करून विकू शकतं. नेमणुकीच्या आदेशाविरुद्ध आणि या चौथ्या नियमाखालच्या आदेशाविरुद्ध अपील करता येतं. मुदत चुकवू नये. रिसीव्हरचा मोबदला कोर्ट ठरवतं, पक्षकारांनी परस्पर काही देऊ नये.

मला वाटतं, बहुतेक कुटुंबं नेमकी इथेच ढिली पडतात. रिसीव्हर नेमेपर्यंत भांडभांड भांडतात आणि एकदा तो आला की निश्चिंत होतात. वर्षाकाठी कोर्टात दाखल झालेले हिशेब कुणी उघडून बघत नाही. पक्षकाराला ते पाहता येतात, त्यांच्या प्रती मागता येतात, हरकती घेता येतात. आपल्या बहिणीने दर वेळी तीन गोष्टी पडताळल्या तरी पुरे: आठ भाडेकरूंकडून बारा महिन्यांचं जेवढं भाडं यायला हवं तेवढं जमेत दिसतं का, कराच्या पावत्या जोडल्या आहेत का, आणि शिल्लक रक्कम बँकेत व्याजावर आहे की नुसती पडून आहे.

रिसीव्हर केव्हा जातो? आदेशात 'निकालापर्यंत' असं असेल तर निकालाबरोबर त्याची नेमणूक संपते. मुदत घातली नसेल तर कोर्ट त्याला मोकळं करेपर्यंत तो राहतो. पण सर्वोच्च न्यायालयाने हिरालाल पाटणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे की नेमणूक संपली तरी हिशेबाची जबाबदारी लगेच संपत नाही. अंतिम हिशेब मंजूर व्हायचा, शिल्लक कोर्टात भरायची, मालमत्ता ज्याच्या वाट्याला आली त्याला सोपवायची, मगच जामीन सुटतो. सोपवण्याच्या दिवशी ताबापावती होते. त्या पावतीवर सही करण्याआधी नेमणुकीच्या वेळचा पंचनामा शेजारी ठेवून खोल्या, मीटर, पंप, दारं-खिडक्या एकेक करून ताडून पाहाव्यात, आणि जे कमी आढळेल ते त्याच पावतीवर लिहून मग सही करावी.